बोलेल तो भाता ओढेल

सकाळी भट्टी पेटली आणि वहिनींच्या कपाळाला आठी पडली. कामासाठी पेटली असती तर गोष्ट वेगळी होती. पावसानं दडी मारली होती, जमीन दगडासारखी झाली होती. नांगर कोणी बाहेर काढत नव्हतं. नांगरच बाहेर नाही तर फाळ झिजणार कुठून, आणि लोहाराकडे कोण येणार? कोपऱ्यातलं कोळशाचं पोतं बसत बसत गुडघ्याएवढं झालं होतं. त्यातला घमेलंभर कोळसा लोहारानं एका दमात भट्टीत ओतला.

"अहो, एका पहारीसाठी एवढा कोळसा?"

"पहारीसाठी नाही. माणसं येणार आहेत."

"म्हणजे गप्पांसाठी."

"गप्पा नाहीत. आमदाराचं काय करायचं ते ठरवायचंय आज. थंड भट्टीवर कधी बोलणं झालंय का या घरात?"

ते मात्र खरं होतं. या भट्टीवर एक नियम होता आणि तो वहिनींच्या सासऱ्यांनी घातलेला होता. म्हातारा मोठा खट. गावातली रिकामटेकडी माणसं उबेला येऊन बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू करायची. म्हातारा म्हणाला, बोला की, पण बोलेल तो भाता ओढेल. ज्याच्या हातात भात्याची दांडी त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. झालं, फुकटचा भातेवाला मिळाला आणि भाषणंही आटोपशीर झाली. कितीही मोठा बोलघेवडा असो, थोड्याच वेळात त्याचे दंड भरून येतात आणि तो मुद्द्यावर येतो.

आमदारही याच भात्यावर बोलायला शिकला. तेव्हा त्याचं भट्टीला लागूनच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलींचे तुटलेले चिमटे जोडायला इकडे यायचा आणि जाईपर्यंत भाता सोडायचा नाही. वहिनी तेव्हा नव्या नवरी होत्या. दाराआडून ऐकायच्या. काटकुळा पोरगा, हाताला वंगण, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर आपल्याच मनातलं. ज्याचं त्याला करू द्या, म्हणायचा. सरकारनं चोर पकडावा, तंटा तोडावा, आणि बाकी वेळ आपल्या वाटेतून बाजूला उभं राहावं. सरकारचा पाठीवरून फिरणारा हात पुढे मानेवर कधी जातो ते कळत नाही.

काय दिवस होते ते! घरची चटणी-पोळी फडक्यात बांधून पोरं प्रचाराला जायची. कोणाच्या दारचा चहासुद्धा घ्यायचा नाही असा त्याचा दंडक. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, दुसरं काय. पण भाजताना हसायची. संध्याकाळी सगळी इथं परत यायची, धुळीनं माखलेली, आवाज बसलेली. लोहार तेव्हा एका हातानं घण उचलून दाखवायचा. निवडून आला त्या दिवशी आमदारानं हार घातला तो या ऐरणीला. ऐरणीवर फुलं करपली होती आणि वहिनी पोट धरून हसल्या होत्या.

आता तोच लोहार उजवा हात खांद्याच्या वर नेऊ शकत नव्हता. सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही वहिनी लागायच्या. मुलगा शहरात कारखान्यात लागला, तेव्हापासून घण वहिनींच्या हातात आला. लोहार डाव्या हातात सांडशी धरायचा, उजव्या कोपरातून छोटा हातोडा टिचकी मारल्यासारखा टेकवायचा, आणि तो टेकवेल तिथं वहिनी घण घालायच्या. पदर खोचून, पाय फाकवून. पहिल्या वर्षी तळहाताची सालं निघाली. आता तिथं घट्टे होते.

मुलगा फोनवर एकच सांगत होता. आई, बस झालं, या इकडे. ऐरण विकून टाका, खोलीत जागा करतो. वहिनींनी मनाशी हो म्हटलं होतं. मुलानं परस्पर भंगारवाल्याला निरोपही धाडला होता, आज ऊन उतरलं की तो हातगाडी घेऊन येणार होता. लोहार नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. काल जेवताना एवढंच बोलला, "आमदार उभा राहिला तर ऐरण जायची नाही. त्याचा प्रचार इथूनच सुरू होतो. नाही राहिला, तर घेऊन जाऊ दे भंगारवाल्याला."

म्हणजे आमदाराबरोबर वहिनींच्या घराचाही निकाल आजच लागायचा होता. आणि तो लावणार होते शिंपी, मास्तर आणि दूधवाला.

ऊन चढायच्या आत तिघंही आले. शिंप्याच्या गळ्यात टेप तशीच लोंबत होती. मास्तर निवृत्त होऊन जमाना झाला तरी खिशात खडू ठेवल्यासारखे बोटं झटकत आले. दूधवाला सायकल भिंतीला टेकवून आला, पण आत न येता उंबऱ्यावर बसला. वहिनींनी मान वळवली. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याला दाराशीच सांगितलं होतं, उद्यापासून दूध नको, यांना पोटाला सोसत नाही. तो हो म्हणाला होता. कोणाच्या पोटाला काय सोसत नाही ते घरोघर दूध घालणाऱ्याला कळत नाही असं थोडंच असतं!

पहार भट्टीत गेली. शिंप्यानं भाता धरला.

"पक्षानं तिकीट कापलं," दांडी खाली ओढत तो म्हणाला. "कापू दे! आपलं माप पक्षाच्या कापडात कधी बसलंच नव्हतं. अपक्ष उभा करायचा. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, म्हणतात, तो एकटा खरं बोलतो."

"खरं बोलतो म्हणतात," मास्तर म्हणाले, "पण मत..."

"मास्तर, भाता माझ्याकडे आहे."

 शिंपी आणखी थोडा वेळ बोलला आणि धापा टाकत उठला. लोहारानं पहार बाहेर काढली, टोक पिवळंजर्द झालं होतं. हातोडा टेकला, वहिनींचा घण पडला. एक टेक, एक घण. ठिणग्या शिंप्याच्या धोतरापर्यंत गेल्या तसा तो टुणकन मागे सरला.

मग मास्तर बसले. त्यांचं म्हणणं भलतंच वरचं. "इथं त्याला ठेवणं म्हणजे मोठी बादली छोट्या आडात सोडणं. त्याला राजधानीत पाठवू. तिथं उभं राहून नाही म्हणू दे, सगळा देश ऐकेल. एकदा नव्हे, आयुष्यभर ज्यानं आपल्याच पक्षाला तोंडावर नाही म्हटलं, असा दुसरा दाखवा. विरोधक त्याला नकोबा म्हणायचे. म्हणू देत! मी तर म्हणतो, ही पदवी आहे."

"खर्च कोण करणार?" उंबऱ्यावरून आवाज आला.

"भात्यावर ये आणि विचार," मास्तर म्हणाले. पण त्यांचाही दम संपला होता. गुडघ्यावर हात टेकून उठले.

दूधवाला उठला, चपला बाहेर काढल्या, येऊन बसला. बराच वेळ नुसता ओढत राहिला. कोळसा लालाचा पांढरा झाला तेव्हा बोलला.

"मी पण त्याचाच माणूस. त्याच्या प्रचारात चालून चालून माझ्याही चपला झिजल्या. पण चारा मिळेना म्हणून दोन गायी मी वाटेल त्या भावानं घालवल्या. सभागृहात मदतीचा कायदा आला होता. गायींना चारा मिळणार होता. दुष्काळी कामाच्या पहारी-कुदळी सरकार गावच्या लोहारांकडून घेणार होतं. काय म्हणाला हा? नको! आज सरकार गिऱ्हाईक, उद्या मालक. याचं बघून आणखी दोघं-तिघं फुटले आणि कायदा पडला. त्याचं तत्त्व राहिलं, माझ्या गायी गेल्या." त्यानं लोहाराकडे पाहिलं. "दादा, या भट्टीला वर्षभर उसंत मिळाली नसती. तुमच्या घरात काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही का? दूध..."

"दुधाचं राहू दे," लोहार म्हणाला.

 वहिनींच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि ते भट्टीमुळे नव्हतं. चारचौघांत आपल्या चुलीवर काय नाही ते बोललं जावं, याहून घणाचे घाव बरे.

"त्यानं बरोबर केलं," लोहार हळू म्हणाला. भाता त्याच्या हातात नव्हता, तरी कोणी टोकलं नाही. "आजचा दिवस वाईट म्हणून कालचं विसरायचं का? भट्ट्यांचा कायदा आणला होता, आठवतो? वस्तीत भट्टी हवी तर परवाना काढा, एवढं उंच धुराडं बांधा. या गावातल्या त्या गावातल्या सगळ्या भट्ट्या विझल्या असत्या. त्याचाच पक्ष आणत होता. तेव्हाही तो नकोच म्हणाला. त्या नकोवर आपण जेवलो इतकी वर्षं."

"आणि या नकोवर उपाशी राहा," दूधवाला म्हणाला. "माझं मत, त्यानं आता घरी बसावं. मान आहे तोवर बसावं."

तेवढ्यात पहार पुन्हा तापली होती. लोहारानं काढली, टेकवली. वहिनींनी घण असा घातला की लोहाराच्या हातातली सांडशी सुटता सुटता राहिली.

"अगं, जपून!"

मग हात वर करून ठरवायचं ठरलं. शिंपी आणि लोहार म्हणाले अपक्ष उभा राहावा. मास्तर राजधानी सोडेनात. दूधवाला घरी बसवण्यावर ठाम. शिंप्यानं मास्तरांना बाजूला घेतलं, मास्तरांनी दूधवाल्याला. पुन्हा सगळे भात्यावर एकेकदा बसून गेले. कोळसा जात होता, पहारीचं टोक केव्हाच निघालं होतं, तापलेलं टोक बुडवून त्याला पाणी देऊनही झालं होतं. वहिनी घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या होत्या.

शेवटी शिंप्याला सुचलं. "वहिनींना विचारू की! त्यांचं काय मत?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. जणू ऐरणीमागे कोणी उभं आहे हे आत्ताच कळलं.

"बोला वहिनी," मास्तर म्हणाले.

"कशी बोलू? भाता कुठाय माझ्याकडे?"

मास्तर हसले. "मग धरा की."

"आणि घण कोणी धरायचा? इतकी वर्षं तुम्ही सगळे बोलताय. हे सांडशी धरतात, तुम्ही भाता धरता. पोरगा गेल्यापासून घण माझ्या हातात. घणवाल्याला भाता कधी मिळतो ते सांगा. सासरे मोठे हुशार, पण नियम करताना हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही."

 वहिनींनी घण ऐरणीला टेकवून ठेवला. पदराला हात पुसले आणि भात्यावर जाऊन बसल्या. दांडी त्यांच्या हाताला हलकी लागली. घणापुढे ती काहीच नव्हती. यावर बसून ही माणसं धापा टाकतात, याचं त्यांना नवल वाटलं.

"तो कायदा पडला ना, त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी आमच्याकडे आले होते," त्या म्हणाल्या. आमदाराला त्या भाऊजीच म्हणायच्या.

लोहारानं मान वर केली. "कधी? मला नाही बोललीस."

"तुम्ही खांद्याला शेक घ्यायला गेला होता. दारातच उभे राहिले. म्हणाले, वहिनी, उद्या मी नाही म्हणणार आहे. तुमच्या हातातलं काम जाणार. दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून सांगायला आलो. माफी मागितली नाही. मी पाणी दिलं. ते प्यायले, भांडं उंबऱ्यावर ठेवलं, आणि मी दार लावून घेतलं. त्यांच्या तोंडावर. त्या दिवशी मला इतका राग आला होता की तोंडातून शब्द फुटला नाही."

भाता फुसफुसत राहिला.

"बरोबर की चूक ते मला अजून कळत नाही. पण विचारायला नाही, तरी सांगायला म्हणून तो माणूस एवढ्या लांब आला. आणि तुम्ही? ज्याचं त्यानं ठरवावं असं त्याच्याकडून शिकलात, आणि सकाळपासून बसून त्याचंच ठरवताय. कोणी म्हणतो उभा करा, कोणी पाठवा, कोणी बसवा. भाऊजींना विचारलंय का कोणी?"

शिंप्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी लोहाराकडे. लोहारानं दूधवाल्याकडे.

"मला वाटलं तुम्ही विचारलं असेल," शिंपी म्हणाला.

"मी? मला वाटलं यानं," मास्तर लोहाराकडे बोट करत म्हणाले.

दूधवाल्याला आधी हसू फुटलं. मग लोहाराला. दुखरा खांदा धरून तो हसत होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. असं हसणं या भट्टीनं किती दिवसांत ऐकलं नव्हतं! वहिनींनाही हसू आवरेना. भाऊजी निवडून आले तो दिवस त्यांना आठवला, ती करपलेली फुलं आठवली.

विचारायला आमदाराच्या गावी दूधवालाच गेला. सायकल त्याचीच होती आणि गायी त्याच्याच गेल्या होत्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा वळणावर दोन सायकली दिसल्या. आमदार आपल्या जुन्या सायकलवर होता. सरकारी गाडी त्यानं कधी घेतली नव्हती. केस सगळे पांढरे झाले होते आणि मान पुढे आली होती. उतरताना तोल गेला तसा दूधवाल्यानं त्याचा दंड धरला, आणि चटकन सोडलाही.

आत आल्यावर तो वहिनींसमोर थांबला. वहिनींनी पाण्याचं भांडं पुढे केलं. तो प्यायला. या वेळी भांडं उंबऱ्यावर ठेवलं नाही, त्यांच्या हातात दिलं.

"सांग बाबा एकदाचं," लोहार म्हणाला. 

"आधी बसू तर दे." तो भात्याशी टेकला. हात दांडीवर आपोआप गेला. जुना माणूस जुनं काम विसरत नाही. "उभा राहणार नाही. कुठंच नाही. इथंही नाही आणि राजधानीतही नाही मास्तर."

"हरशील म्हणून?" शिंप्यानं विचारलं.

"हरायची सवय आहे मला. सभागृहात रोजच हरत होतो." तो हसला, मग हसू गेलं. "तो कायदा पुन्हा आला तर पुन्हा नको म्हणेन. पण नको म्हणून मी तिकडे आपल्या गावी जातो, जेवतो, झोपतो, आणि नको सोसायचं इथं तुम्ही. वहिनींनी दार लावलं त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही. नको म्हणणाऱ्यानं सोसणाऱ्याच्या शेजारी राहावं. दुकान उघडतोय परत. गंजलं असेल सगळं, पण कुलूप निघेल."

भाता मंद ओढला जात होता. लोहार भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. ऐरण जायची होती. ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं. वहिनींना हवं होतं तेच झालं होतं. मुलाची खोली, नळाचं पाणी, हाताला विश्रांती. त्यांनी आपले तळहात उलटे करून पाहिले. आणि त्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेला लोहार त्यांना स्पष्ट दिसला.

बाहेर हातगाडीचं चाक कुरकुरलं. भंगारवाला आला होता. सोबत दोरखंड आणि दोन गडी. आत इतकी माणसं आणि मध्ये आमदार बघून तो बावरला, तरी धंदा तो धंदा. ऐरणीभोवती एक फेरी मारून त्यानं लोहाराला विचारलं, "काय मालक, उचलायची ना?"

लोहार आपला दुखरा खांदा चोळत बसला. भंगारवाल्यानं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी शिंप्याकडे, आणि शिंप्यानं सवयीनं आमदाराकडे.

आमदार भट्टीकडे बघत होता. "वहिनी," तो म्हणाला, "चिमटे जोडायला मला भट्टी लागेल. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा येऊन भाता ओढीन. बोलणार नाही, नुसता ओढीन. पण तुमची ऐरण, तुमचे हात. तुम्ही म्हणाल तसं."

घरात इतकी वर्षं गेली, पण असं वहिनींना कोणी म्हटलं नव्हतं. पाऊस अजून आला नव्हता. पोत्यात कोळसा नव्हता. उद्या दुसरी पहार येईल की नाही ते देवाला ठाऊक. मुलाला फोन करावा लागेल, तो चिडेल. हे सगळं त्यांना दिसत होतं.

"नको," वहिनी म्हणाल्या.

"नको म्हणजे?" भंगारवाला लोहाराकडे वळला. "मालक, तुमचं तर ठरलं होतं ना?"

"ठरवलं होतं पोरानं आणि यांनी," वहिनी म्हणाल्या. "मला कोणी विचारलं नव्हतं." त्यांनी पदर खोचला आणि घण उचलला.

दूधवाल्यानं सायकलच्या मागचा तुटका कॅरियर काढून आणला आणि न बोलता भट्टीत सरकवला. आमदारानं भाता ओढला. लोहार भिंत धरून उठला, डाव्या हातानं सांडशी शोधली. लोखंड लाल झालं तसा त्यानं हातोडा टेकवला, आणि वहिनींचा घण जिथं पडायचा तिथंच पडला.